नाल्यापलीकडचं गवत

गायीच्या हिरडीत कुसळ रुतलं की ते बोटानंच काढावं लागतं. चिमटा लावला तर ती मान झटकते आणि अर्धं आतच राहतं. एका हातानं जीभ बाजूला धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा हिरडीवरून फिरवायचा, टोचलं की समजायचं, सापडलं. मी हे काम इतक्या वेळा केलंय की अजूनही कोणाची गाय चारा टाकून नुसती उभी दिसली की माझा अंगठा आपोआप हलतो. सुना हसतात. हसोत बापड्या, त्यांना काय माहीत.

मी गावची ढोरं राखायचो. आमच्याकडे त्या माणसाला ढोरकी म्हणतात. माझे वडील ढोरकी, आजा ढोरकी. सकाळी गल्लीतून हाका देत जायचं, घराघरातून गाई-म्हशी सुटायच्या, त्यांना गायरानात न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत ज्याची त्याच्या दारात परत आणायची. सुगीला प्रत्येक घर ज्वारी घालायचं, सणाला ताट यायचं. आम्हाला शेत नव्हतं. मी मराठी चौथी पास होतो, म्हणून लोक पत्रं वाचून घ्यायलाही यायचे, पण त्यावर काही चूल पेटत नव्हती. चूल पेटायची ती गायरानावर.

गाव घाटावरचं. देऊळघाटाहून सकाळी निघालं तर जेवणवेळेला पोचावं एवढं लांब. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे हुकूम नागपुरातून निघतात असं ऐकायचो, पण आमच्यापुरतं सरकार म्हणजे बुलढाण्याहून येणारे तहसीलदार साहेब आणि त्यांचा घोडा. गायरान म्हणजे एक लांबलचक माळ, मधून नाला. नाल्याअलीकडे गाव, पलीकडे नुसता माळ, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत.

आता त्या माळाचं आम्ही काय केलं होतं ते सांगतो, आणि सांगताना मला आजही चीड येते, कारण करणाऱ्यांत मीही होतो. दरवर्षी होळी झाली की दुसऱ्या दिवशी होळीतला विस्तव नेऊन माळ पेटवायचा. वाळलेलं गवत जाळलं की नवं जोमानं येतं, ही गावाची समजूत. यायचंही. आठ दिवस माळ हिरवागार दिसायचा, ढोरं त्यावर तुटून पडायची, आणि मग जे उरायचं ते कुसळी. जाळलं तरी न मरणारं, ढोराच्या तोंडाला न लागणारं, धोतरातून मांडीला टोचणारं. चांगलं गवत वर्षागणिक मागे हटत गेलं आणि आम्ही आपले दरवर्षी जास्तच भक्तीनं जाळत राहिलो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला आमच्या गावाला कधी मुहूर्त लागला नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर गावातल्या दोन-तीन मोठ्या शेतकऱ्यांनी अर्ज केला की माळ पडीत आहे, नांगरून कपाशी लावू द्या. तहसीलदार साहेब पाहायला आले. घोड्यावरूनच माळ पाहिला, दगड आणि कुसळी. विचारलं, “इथं जनावरं खातात तरी काय? दगड?”

सगळे गप्प. मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणालो, “दगड आमी खातो साहेब. ढोरं कुसळं खातेत.”

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं घर पेटलेलं दिसलं. पण साहेब हसले. मग बराच वेळ पाटलांशी बोलले. शेवटी ठरलं ते असं: तीन पावसाळे मुदत. नाल्यापलीकडचा माळ बंद ठेवून गवत उभं करून दाखवा. तिसऱ्या दिवाळीला साहेब येतील. गवत दिसलं तर दोन्ही बाजूचा माळ चराईलाच राहील. नाही दिसलं तर सगळाच नांगराखाली.

साहेब गेल्यावर पाटील मला म्हणाले, “लय तोंड चालते ना तुहं? मंग आता तूच राख गवत.”

अशा रीतीनं गावच्या ढोरक्याला ढोरांपासून गवत राखायचं काम मिळालं. पारावर दिवसभर तोच विषय. “कुंपणच शेत खाईन पाह्यजा,” एकजण म्हणाला, आणि त्याला वाटलं आपण फारच हुशार बोललो.

मला हसू येत नव्हतं. माळ गेला तर ढोरं राखायची कुठं? ढोरं नाहीत तर ढोरकी कशाला? बायकोचा भाऊ खामगावला सरकी काढायच्या एका जिनात कामाला होता. कापसाच्या धुरळ्यात राहून त्याला असा खोकला लागला होता की बोलताना वाक्य अर्धं व्हायचं. आम्हाला गाव सोडावं लागलं तर तीच वाट होती. मी उघड्या माळावर वाढलेला माणूस. बंद शेडमध्ये कापूस टाकत उभा राहण्याच्या विचारानं माझी झोप उडायची. बायकोला मी काही बोललो नाही, तीही काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, “बी कोठून आणसान?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मला वाटलेलं, ढोरं बंद केली की गवत येईल. पण येणार कशातून? माळावर चांगल्या गवताचं बी पडून किती वर्षं झाली होती देव जाणे.

उत्तर दिलं नालबंद चाचांनी. ते देऊळघाटाहून बैलांना नाल ठोकायला यायचे, म्हातारे, पांढरी दाढी, हात मात्र लोखंडाचे. बैल आडवा पाडून चार पाय बांधेपर्यंत ते त्याच्याशी असे बोलत राहायचे की बैलालाच लाज वाटावी. मी माझी कहाणी ऐकवली. नाल ठोकता ठोकता ते म्हणाले, “बेटा, जहां ढोर नहीं जाता वहां देख.”

“असं कोठी हाय चाचा?”

“कबरस्तान में.”

आणि खरंच की हो. गावाबाहेर कबरस्तानाला दगडी कुंपण होतं. आत ढोर सोडत नसत आणि होळीचा विस्तवही कधी जात नसे. मी जन्मापासून त्याच्या बाजूनं जात होतो, पण आत कशाला डोकावेन? चाचांनी तिथल्या मोठ्यांना विचारून मला आत नेलं. कबरींच्या मधून पवन्या गवत उभं होतं, मारवेल होता, आणि शेडा, ज्याचं नाव मी फक्त आज्याच्या तोंडून ऐकलं होतं. कार्तिकातलं ऊन, गवत पिकून तांबूस झालेलं. मी हातात घेऊन तोंडात घातलं आणि चावलं. चाचा हसले, “तू चर ले पहले, फिर बीज ले.”

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बायको, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी तिथून बी काढलं. शेतांच्या धुऱ्यांवरचा, म्हणजे बांधांवरचा, मारवेलही घेतला. हे बी केसाळ असतं, नुसतं फेकलं तर वारा घेऊन जातो. म्हणून शेण-मातीत कालवून गोळे केले, वाळवले, आणि पाऊस लागायच्या आत पलीकडच्या माळावर वखरानं खरवडलेल्या ओळींत टाकले. कडेनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण. काटे रोवून माझे तळवे चाळणीसारखे झाले होते.

होळीचं भांडण वेगळंच. म्हातारे म्हणाले, विस्तव माळावर गेला नाही तर ढोरांना रोग येईल. मी म्हणालो, रोग आलेलाच आहे, त्याचं नाव कुसळी. त्यावर एक आजोबा काठी घेऊन उठले. शेवटी पाटलांनी तोड काढली: विस्तव वाजतगाजत न्यायचा, पण नाल्यापर्यंत, आणि तिथं वाळूत पुरायचा. पाटील तापट होते, माझ्यासारखेच, पण डोकं ठिकाणावर असलेले. म्हाताऱ्यांची समजूत पटली आणि माळ वाचला.

पहिल्या पावसाळ्यात काही नाही. बोटाएवढी पाती, तीही मधून मधून. लोक मुद्दाम नाल्यापर्यंत फिरायला येत आणि विचारत, “काय बे, गवतात वाघ लपला काय?” मी त्यांना जे सांगायचो ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मुठीएवढे ठोंब धरले आणि भाद्रपदात एका सकाळी टेकडीकडून सात हरणं उतरून त्यात उभी दिसली. मी हललोसुद्धा नाही. हरणं आमच्या माळावर वडलांच्या काळी यायची. ती चरली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत चरू लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की होईल बावा, होईल कदाचित.

तिसऱ्या पावसाळ्यात माळानं पांग फेडले. श्रावणात गवत छातीपर्यंत. वारा आला की पलीकडून इकडे लाटा यायच्या आणि मी नाल्यावर उभा राहून उगाच हसायचो. आणि तेव्हाच तो पक्षी आला. काळा, कोंबड्याहून थोडा लहान, डोक्यामागे बारीक तुरे. गवतातून एकदम सरळ वर उडी मारायचा, माणसाच्या डोक्याच्याही वर, आणि परत तिथंच पडायचा. परत उडी. दिवसभर. चाचांना दाखवला तर ते खाली बसले. म्हणाले, लहानपणी पाहिला होता, त्याला तणमोर म्हणतात, हे सगळं उड्या मारणं मादीसाठी. मादी दिसत नाही, गवतात अंड्यांवर दडून बसते. पुढं मी तीही शोधली. शेणाच्या रंगाची, दोन हातांवर गेलो तरी हलली नाही. मी जागा कोणाला सांगितली नाही.

आता फक्त बी पिकून पडेपर्यंत दिवस काढायचे होते. दिवाळीला साहेब येणार, उभं गवत दिसणार. मी अगदी निश्चिंत झालो होतो. म्हणजे मूर्ख झालो होतो.

पोळ्याच्या चार दिवस आधी नाल्याला पूर आला आणि काट्यांचं कुंपण घेऊन गेला. पाणी उतरल्यावर गुडघ्याएवढं राहिलं. मी म्हटलं, सण झाला की परत रोवू. गावची ढोरं माझ्याच हाताखाली, माझ्या परवानगीशिवाय कोण जाणार पलीकडे?

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी घरी येत होतो. घरोघरी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावणं चाललं होतं आणि प्रत्येक गोठ्यातून तेच शब्द ऐकू येत होते, जे माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे बैलाला म्हणतात: “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” तिसऱ्या की चौथ्या घरापाशी ते ऐकलं आणि माझे पाय तिथंच थांबले.

उद्या बैल पाहुणे. आमच्या गावची रीत अशी की वेशीवरचं पोळ्याचं तोरण तुटलं की सगळे बैल गायरानात मोकळे सोडायचे, आणि त्या दिवशी बैलाला ना कासरा, ना काठी. तो जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचा. आवतण देऊन बोलावलेल्या पाहुण्याला कोणी वळवत नाही. मागच्या दोन पोळ्यांना कुंपण होतं आणि पलीकडे खायला काही नव्हतं, म्हणून बैल गेलेच नव्हते. यंदा कुंपण नाही, पलीकडे छातीभर हिरवं गवत, आणि गावात चाळीस बैलजोड्या. तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून गाईंवर पहारा केला, शेळ्यांवर केला, आणि ज्या सणाला मी स्वतः लहानपणापासून नाचत आलो तोच विसरलो. असा शहाणा मी.

पाटलांकडे धावलो. ते बैलाच्या शिंगांना रंग देत होते. ऐकून म्हणाले, “पोळ्याले बैल अडवाचे म्हंतो? तुले याड लागलं काय बे?”

“पाटील, ऐंशी बैल शिरले तं दिवाळीले साहेबाले दाखवाचं काय?”

“ते मले नाई समजत. मी बैल अडवनार नाई, तूही अडवाचे नाई. अडवले तं या गावात तुहं काम संपलं.”

त्यांचंही चूक नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण मनातल्या मनात.

नालबंद चाचा गावातच होते. पोळ्याआधी नाल बदलायची गर्दी असते. मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाय खाली ठेवला.

“रोकना नहीं है ना?”

“नाई.”

“मेहमान को दस्तरख्वान पे बिठा दे. पेट भरा तो वो बावर्चीखाने में काहे को जायेगा?”

पाहुण्याला पंगतीला बसव, मग तो स्वयंपाकघरात शिरणार नाही, हे ऐकायला सोपं वाटतं. पण मी रात्रभर विचार केला असता तरी मला सुचलं नसतं, कारण मी अडवायचाच विचार करत होतो.

पोळ्याच्या सकाळी बायकोनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या. पुरण शिजायला ठेवून विळे घेऊन आल्या बिचाऱ्या. नाल्याला लागून एक पट्टा मी दाखवला, मादी होती तिथून दूरचा, आणि तेवढाच कापला. भारे डोक्यावर घेऊन पाणी ओलांडून अलीकडच्या काठावर ढीग मांडले, एकाशेजारी एक, गायरानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मधेमधे ओरडत होतो, हे इथं, ते तिथं. शेवटी बायको म्हणाली, “तुमी जरा गप बसा, बाया तुमची ढोरं नाई हायत.” मी एक भारा उचलून पाण्यात उतरलो.

दुपार कलल्यावर तोरण तुटलं आणि बैल आले. झुली, रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरमाळा, मागे सगळं गाव. ढीग दिसले तसे बैल थांबले. एकानं तोंड घातलं, मग दुसऱ्यानं. घरून पुरणपोळी खाऊन आलेले, तरी ताज्या मारवेलाला कोण नाही म्हणतो? सगळ्या काठावर नुसता चघळण्याचा आवाज. माझ्या छातीवरचा दगड हलू लागला.

आणि पाटलांचा बैल ढिगाजवळून पुढे गेला. पांढरा, गावातला सगळ्यात उंच. ढीग हुंगला, मान फिरवली, आणि सरळ नाल्यात उतरला. त्याच्या मागं अजून दोघांनी माना वर केल्या. एक गेला की सगळे जातात, हे ढोरक्याला सांगावं लागत नाही.

मी कधी पळालो ते मला आठवत नाही. पाणी उडवत पलीकडे गेलो, बैलाच्या पुढे उभा राहिलो आणि काठी उगारली.

माझ्या बापानं उभ्या जन्मात ढोराला मारलं नव्हतं. मीही नाही. आणि उगारली ती पोळ्याच्या दिवशी, पाटलांच्या बैलावर, सगळ्या गावादेखत. वाजंत्री थांबली. काठावर माणसं नुसती उभी. बैल माझ्याकडे पाहत होता, कपाळावर गुलाल, डोळ्यांत जरासुद्धा भीती नाही, कारण मी त्याला कशाला मारीन? वासरू असल्यापासून तो माझ्या हाकेनं घरी जात होता.

अलीकडून बायकोचा आवाज आला. “ठेवा ते खाली.” ओरडली नाही, नेहमीच्याच आवाजात म्हणाली.

काठी हातातून गळून पडली. बैल माझ्या अंगाला घासून पुढे गेला आणि गवतात शिरला. मी म्हटलं, संपलं. गवतही गेलं, कामही गेलं.

वीसेक पावलं तो आत गेला असेल. आणि त्याच्या नाकाखालून ती मादी उठली. फडफडाट करत, असा की मीही दचकलो. मला माहीत होतं ती त्या बाजूला आहे, पण इतक्या जवळ बैल जाईल असं वाटलं नव्हतं. बैल जागच्या जागी उडाला, झूल एका बाजूला लोंबली, आणि शेपूट वर करून जो मागं पळाला तो नाला ओलांडून थेट पाटलांच्या अंगावर. पाटील बाजूला झाले म्हणून वाचले. बैल सगळ्यात लांबच्या ढिगाशी जाऊन उभा राहिला आणि जणू काही घडलंच नाही असा खाऊ लागला. आणखी एकाही बैलानं नाल्यात पाय घातला नाही.

आधी एक पोरगी हसली, मग सगळं गाव. मी पाण्यात बसलो.

पाटील हसले नाहीत. मी वर आल्यावर म्हणाले, “काठी कोनावर उगारली?”

“चुकलं.”

“पाया पड त्याच्या.”

मी पडलो, मनापासून. बैलाच्या खुराला डोकं लावलं तेव्हा त्याच्या तोंडातलं अर्धं चावलेलं गवत माझ्या मानेवर पडलं. मग पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बैलाले कोनी अडवलं नाई. तो आपल्या मर्जीनं वापस आला. पुढच्या पोळ्यापासून दर घरानं एकएक भारा अगोदर कापून आनाचा.” मला एवढंच म्हणाले की घरी जा आणि ओले कपडे बदल. मला त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं, पण मी पडलो नाही. तेवढी खुमखुमी शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लांबूनच पाहिलं. मादी परत अंड्यांवर बसली होती. मी तिला हात जोडले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोळ्याची भांग उतरली नाही.

दिवाळी झाली आणि साहेब आले, पण ते नव्हेत. आधीचे बदलून गेले होते. हे नवे, चष्मेवाले, कमी बोलणारे, त्यांच्याकडे फक्त कागद, आणि कागदावर आमचा माळ पडीतच होता. शिपायाच्या खांद्यावर बंदूक. तणमोर पिलांसकट दसऱ्याआधीच कुठेतरी निघून गेले होते आणि त्याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं. हरणं मात्र टेकडीकडे होती, म्हणून मी साहेबांना मुद्दाम उलट्या बाजूनं आत नेलं, तिकडे वाट चिखलाची आहे असं सांगून. कार्तिकात कसला चिखल? पण साहेबांनी घोडा वळवला.

गवत घोड्याच्या पोटाला लागत होतं. साहेबांनी काही तरी विचारायला घोडा थांबवला आणि घोड्यानं मान खाली घातली ती वर काढेना. साहेबांनी लगाम ओढला, शिपायानं ओढला, घोडा खातच होता. शेवटी साहेब उतरले. मूठभर गवत उपटून मला नावं विचारली, मी सांगितली. बी कुठलं, विचारलं. कबरस्तानातलं, म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पाटलांकडे. पाटील म्हणाले, “खरं हाय हुजूर.”

साहेबांनी तिथंच उभ्याउभ्या कागदावर लिहिलं आणि पाटलांना वाचून दाखवलं. दोन्ही बाजूचा माळ चराईसाठी कायम. मला ते एकदा ऐकून पुरलं नाही. साहेब गेल्यावर मी कागद मागून घेऊन स्वतः वाचला, दोनदा. चौथी पास झाल्याचा त्या दिवशी खरा उपयोग झाला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, “उद्या खामगावले जाऊन या. भावाले सांगा, खोली सोडून दे म्हना.”

“कोनती खोली?”

मग तिनं सांगितलं. साहेब पहिल्यांदा येऊन गेले त्याच आठवड्यात तिनं भावाला निरोप धाडला होता. त्यानं जिनातल्या मुकादमाला शब्द टाकून जिनामागच्या चाळीत आमच्यासाठी एक खोली धरून ठेवली होती. दर दिवाळीला तो विचारायचा, येता का? दर दिवाळीला ती सांगायची, अजून एक पावसाळा.

माझं डोकं फिरलं. तीन वर्षं मी काटे रोवतोय आणि ही खोली धरून बसली आहे? मी तसं बोललोही, मोठ्यानं. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, “मले लय भ्या वाटे. तुमाले सांगतलं असतं तं तुमालेबी वाटलं असतं. दोघंबी भेले असते तं माळावर कोन उभं राह्यलं असतं?”

मी खुंटीवरचं घोंगडं काढून उद्याच्या वाटेसाठी दाराशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ढोरं तिच्या हवाली केली आणि खामगावला गेलो. मेव्हणा मला चाळीत घेऊन गेला. खोलीच्या दारात एक माणूस, त्याची बायको आणि दोन लेकरं बसली होती, बोचक्यांसकट. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही खोली रिकामीच असते; ती आता सुटते आहे हे मेव्हण्यानं तिथंच सांगितलं. माणसाच्या खांद्यावर घोंगडं, हातात वेळूची काठी. मला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. घाटाखालच्या एका गावचा ढोरकी होता. त्यांचा माळ उन्हाळ्यात नांगरला गेला होता.

“तुमी काऊन सोडून राह्यले खोली?” त्यानं मला विचारलं.

मला सांगायची लाज वाटली. तरी सांगितलं, “आमचा माळ राह्यला. गवत आलं.”

तो म्हणाला, “बरं झालं गड्या. लय बरं झालं.” आणि ते त्यानं मनापासून म्हटलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी तिथं पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. तोवर त्याची बायको बोचकं डोक्यावर घेऊन खोलीत शिरली होती. मग तो काठी भिंतीला टेकवून तिच्या डोक्यावरचं बोचकं उतरवायला आत गेला.